दिल्लींतील आमची रिकामी जागा

आमचें राजूर यवतमाळ जिल्ह्यांतलें, तालुका वणी. तहसिलीचा कागद वणीस, कलेक्टरचा कागद यवतमाळास. पण लोकसभेची निवडणूक आली कीं आमचा जिल्हा बदलतो. वणी व आर्णी हे विधानसभेचे मतदारसंघ चंद्रपुरास जोडलेले आहेत, उमरखेड हिंगोलीस जोडलेला आहे, आणि राहिलेला जिल्हा वाशीमच्या जोडीला बांधला आहे. भाऊबंदकींत एका वावराचे तीन तुकडे पडावे तसें हें आहे. असो. धुरा कोठेंही पडो, वावर पेरलें जावें एवढीच कुणब्याची इच्छा असते. आमचें हें वावर मात्र एक वर्ष पडीत राहिलें, आणि तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ रोजीं वारले. २०१९ सालीं साऱ्या महाराष्ट्रांतून काँग्रेसतर्फे निवडून आलेले ते एकटेच. वय पन्नाशीच्याही आंतलें. हळहळ सर्वांस वाटली, आम्हांसही वाटली. परंतु पुढें जें घडलें, किंवा खरें म्हणजे जें घडलेंच नाहीं, त्याची हळहळ कोणास वाटली नाहीं. त्यांच्या जागीं दुसरा सभासद निवडलाच गेला नाहीं. ४ जून २०२४ रोजीं सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत ती जागा रिकामी राहिली. एक वर्ष आणि पांच दिवस! अठरा लाखांहून अधिक मतदारांच्या वतीनें दिल्लींत तोंड उघडण्यास एकही माणूस नव्हता.

रेशनचें दुकान आठ दिवस बंद राहिलें तर आमच्या बायाबापड्या तहसिलीवर जातात. नळाची मोटार जळली तर सरपंचाच्या दारांत रिकाम्या घागरी आपटतात. शाळेंत मास्तर चार दिवस दिसला नाहीं तर पंचायत समितीकडे अर्ज जातो, आणि जावाच. मग खासदार वर्षभर नाहीं, तरी गांवांत कोणी ब्र कां काढला नाहीं? आम्हींही काढला नाहीं, हें आधींच कबूल करतों. नाहींतर लोक म्हणतील, गुरुजी आतां शहाणपण शिकवूं लागले.

आमचे डोळे उघडले ते वर्गांत. त्या हिवाळ्यांत मुलांस लोकसभेचा धडा शिकवीत होतों. प्रत्येक मतदारसंघाचा एक प्रतिनिधी असतो, असे एकंदर ५४३ असतात, त्यांतले महाराष्ट्राचे ४८, असें फळ्यावर लिहिलें. चुन्याच्या भट्टीवर काम करणाऱ्या मजुराची पोर मागल्या बाकावरून म्हणाली, "गुरुजी, आपला कोन हाय?" आम्हीं सांगितलें, वारले. ती म्हणाली, "मंग आता आपल्याकून कोन बोलते?" आम्हीं खडू खालीं ठेवला. उत्तर पुस्तकांत नव्हतें.

उत्तर कायद्यांत आहे, म्हणून तें आधीं पाहूं. लोकप्रतिनिधित्वाचा १९५१ चा जो कायदा आहे, त्याचें १५१-क हें कलम सांगतें कीं, जागा रिकामी झाली म्हणजे सहा महिन्यांच्या आंत पोटनिवडणूक घ्यावी. दोन सवलती आहेत. उरलेली मुदत एका वर्षाहून कमी असेल तर घेऊं नये. किंवा निवडणूक आयोगानें केंद्र सरकारशीं सल्लामसलत करून, ह्या मुदतींत निवडणूक घेणें अवघड आहे, असा दाखला द्यावा. आतां हिशेब करा. १७ वी लोकसभा १७ जून २०१९ ला प्रथम बसली; तिची मुदत १६ जून २०२४ पर्यंत. आमची जागा रिकामी झाली तेव्हां एक वर्ष आणि सतरा दिवस उरले होते. म्हणजे पहिली सवलत लागूं होत नव्हती. सतरा दिवस कां होईनात, कायदा आमच्या बाजूस होता. सावकाराच्या खत्यांत सतरा दिवसांचें व्याज कधीं सुटल्याचें आपण ऐकलें आहे काय?

हाच प्रकार पुण्यास झाला. तेथील खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजीं वारले. पुण्याच्या एका रहिवाशानें मुंबईच्या उच्च न्यायालयांत दाद मागितली. आयोगाचें म्हणणें असें कीं, यंत्रणा २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारींत गुंतली आहे, शिवाय नव्या सभासदास काम करण्यास मुदत थोडीच मिळेल. न्यायालयानें ह्या सबबी फेटाळल्या आणि डिसेंबर २०२३ मध्यें ताबडतोब निवडणूक घेण्याचा हुकूम दिला. जानेवारी २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या हुकुमास स्थगिती दिली. न्याय मिळाला तो वरातीमागून आलेल्या घोड्यासारखा, आणि तोही वाटेंतच अडविला गेला. पुणेंही रिकामें, चंद्रपूरही रिकामें.

"यंत्रणा गुंतली आहे" हें वाक्य वाचून आम्हांस हंसूं आलें. ही यंत्रणा म्हणजे कोण? आम्हीच! प्राथमिक शाळेचे मास्तर, तलाठी, ग्रामसेवक. मतदारांच्या बोटास शाई लावणारे, रात्रीं पेट्या पोंचवून पहांटे एस.टी.च्या फलाटावर झोंपणारे. त्या वर्षांत आम्ही पटावरचीं मुलें शिकवीत होतों, दुसरें कांहीं नाहीं. आम्हांस कोणी विचारलें असतें तर, साहेब, एक दिवस आम्ही देतों, असें खुशाल सांगितलें असतें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत कसबा व चिंचवड येथील विधानसभेच्या पोटनिवडणुका झाल्याच कीं नाहीं? तेव्हां यंत्रणा मोकळी होती.

कोणी म्हणेल, एक खासदार नव्हता म्हणून काय आभाळ कोसळलें? ५४३ मधला एक! तर ह्या वर्षांत त्या घरांत काय काय झालें तें ऐका.

२६ जुलै २०२३ रोजीं लोकसभेनें वनसंवर्धन कायद्यांत दुरुस्ती केली. जंगल कशास म्हणावें आणि कशास म्हणूं नये, कोणत्या कामास परवानगी लागावी आणि कोणत्या कामास लागूं नये, हें त्यांत ठरलें. ज्याच्या मतदारसंघांत ताडोबाचें जंगल आहे, ज्याच्या शिवारांत वाघ आणि गुराखी एकाच नाल्यावर पाणी पितात, त्या चंद्रपूरचा माणूस तेथें नव्हता. दोनच दिवसांनीं, २८ जुलैस, खाणी व खनिजांच्या कायद्यांतील दुरुस्ती मंजूर झाली. मांडली गेली होती २६ लाच. ज्या मुलुखाच्या पोटांत कोळसा आणि चुनखडी आहे, त्याचा माणूस नव्हता. ऑगस्टांत अविश्वासाच्या ठरावावर तीन दिवस चर्चा झाली. आमचा विश्वास कीं अविश्वास, कोणी विचारलें नाहीं. २० सप्टेंबरास स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती ४५४ विरुद्ध २ मतांनीं मंजूर झाली. सावित्रीबाईंचें नांव घेणाऱ्या आमच्या लोकांचें मत त्या ४५४ मध्येंही नाहीं आणि त्या दोहोंतही नाहीं. डिसेंबरच्या अधिवेशनांत तर लोकसभेचे १०० सभासद निलंबित झाले, आणि त्याच अधिवेशनांत, २० डिसेंबरास, इंग्रजी अमदानीपासून चालत आलेला दंडसंहितेचा कायदा बदलून नवे तीन फौजदारी कायदे मंजूर झाले. पोलीस कोणास किती दिवस कोठडींत ठेवूं शकेल, हें ज्या कायद्यानें ठरतें तो हा कायदा. चोरीच्या आळावर आधीं कोणाच्या घरची झडती होते? पाटलाच्या वाड्याची कीं पारध्याच्या पालाची? त्याबद्दल शब्द उच्चारण्यास आमच्यातर्फे कोणी उभा राहिला नाहीं.

एवढें होऊनही आपले लोक गप्प राहिले, ह्याचें कारण आम्हांस उघड दिसतें. खासदार तेथें करतो काय, हेंच आपणांस ठाऊक नाहीं. आपण खासदारास ओळखतों तो लग्नाच्या मांडवांत आणि मयताच्या बैठकींत. त्याच्याकडे मागतों तें समाजमंदिर, नाली, गांवाच्या वेशीची कमान. त्याच्या हातीं वर्षाचा पांच कोटींचा स्थानिक विकासाचा निधि असतो. तोही तो खर्च करीत नाहीं, काम सुचवितो, खर्च कलेक्टर करतो. ह्या पांच कोटींच्या नालीसाठीं आपण त्याच्या गाडीमागें धांवतों. आणि ज्या घरांत २०२३ सालीं वर्षाचा ४५ लाख कोटींचा खर्च मंजूर झाला त्या घरांत तो हजर होता कीं नव्हता, हें विचारीत नाहीं! पीठ सांडलें तें दिसेना, कोंडा मात्र वेंचून वेंचून ठेवला.

आणि तो ४५ लाख कोटींचा खर्च मंजूर कसा झाला तेंही एकदां ऐकाच. २३ मार्च २०२३ रोजीं, म्हणजे आमचे खासदार हयात असतांना, गोंधळ चालूं असतां साऱ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकदमच मताला टाकून मंजूर करण्यांत आल्या. शेतकी खात्यास किती, कापूस खरेदीस किती, एकाही खात्यावर शब्द नाहीं. ह्या रीतीस तिकडे गिलोटीन म्हणतात. मुंडकीं उडविण्याच्या यंत्राचें तें नांव आहे. नांव ज्यानें दिलें तो मोठा प्रामाणिक असला पाहिजे.

वाचकहो, ह्या घराचें खरें कुलूप-किल्लीचें काम म्हणजे प्रश्न. सभा भरली कीं पहिला तास प्रश्नांचा, अकरा ते बारा. सभासदानें पंधरा दिवस आधीं प्रश्न लिहून द्यावा. चिठ्ठ्या काढून क्रम लागतो. रोज वीस प्रश्न असे असतात कीं मंत्र्यानें उभें राहून तोंडानें उत्तर दिलें पाहिजे, आणि उत्तर ऐकून सभासदानें उलट विचारलें पाहिजे. आणखी सवादोनशेंच्या वर प्रश्नांस लेखी उत्तरें मिळतात. ह्यांत फार मोठी गोम आहे. तुम्ही-आम्ही कोळसा कंपनीच्या ऑफिसांत गेलों तर चपराशी बांकावर बसवितो. परंतु तोच सवाल सभासदानें लोकसभेंत घातला कीं, दिल्लीचा सेक्रेटरी नागपूरच्या ऑफिसास, नागपूरचा साहेब खाणीच्या साहेबास कागद पाठवून विचारतो, कारण मंत्र्यानें सभागृहांत खोटें उत्तर दिलें तर तो हक्कभंग होतो. राजूरच्या माणसाचा प्रश्न दिल्लीहून फिरून राजुरास येतो आणि मग त्याला पाय फुटतात.

हें आम्ही नुसतें पुस्तकी सांगत नाहीं. चंद्रपूरचेच पूर्वीचे खासदार हंसराज अहीर. त्यांचा पक्ष कोणता, तो आम्हांस आवडतो कीं नाहीं, हा सवाल येथें नाहीं. कोळशाच्या खाणी मर्जींतल्या कंपन्यांस वांटल्या जात आहेत, हा विषय त्यांनीं नेटानें लावून धरला, तक्रारी केल्या. पुढें २४ सप्टेंबर २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दोनशेंहून अधिक खाणींचें वांटप रद्द केलें. (२४ सप्टेंबर हाच जोतिरावांच्या सत्यशोधक समाजाचा जन्मदिवस, १८७३ चा. योगायोग खरा, पण आम्हांस गोड वाटला.) कोळसा आपल्या वावराखालचा, तर त्याचा जाबही आपल्याच मुलुखाच्या माणसानें मागावा, हें शोभून दिसलें. मागण्यास जागा भरलेली होती, म्हणून मागतां आला.

आतां ह्याच्या उलट बाजूचें सांगतों. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनांत साथीचें कारण सांगून प्रश्नांचा तासच रद्द करण्यांत आला. आणि नेमके त्याच अधिवेशनांत शेतीचे ते प्रसिद्ध कायदे आले. दोन विधेयकें १७ सप्टेंबरास लोकसभेंत मंजूर झालीं. मांडलीं गेलीं होतीं १४ ला. समितीकडे पाठवा म्हणून मागणी झाली, पाठविलीं नाहींत. मत घेतलें तें आवाजी. आवाजी मत म्हणजे काय? अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनीं होय म्हणावें, प्रतिकूल असतील त्यांनीं नाहीं म्हणावें. दोन्हीकडून ओरड होते आणि अध्यक्षांच्या कानाला जी मोठी वाटेल ती खरी. कोणी हरकत घेऊन मोजणी मागितली तर घंटा वाजते, दारें लागतात, बटनें दाबून मोजणी होते, आणि कोणत्या सभासदानें काय मत दिलें तें कायमचें छापलें जातें. आवाजी मतांत तसें कांहीं छापलें जात नाहीं. म्हणजे ज्या कायद्यासाठीं हजारों शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर थंडीवाऱ्यांत बसले, त्या कायद्यावर तुमच्या खासदारानें होय म्हटलें कीं नाहीं म्हटलें, ह्याची मोजदाद कोठेंही नाहीं! २९ नोव्हेंबर २०२१ रोजीं ते कायदे रद्द केले तेही चर्चेविना. आणले तेव्हां घाईनें, नेले तेव्हांही घाईनें. शेतकऱ्यानें दोन्ही वेळां नुसतें पाहावें.

ह्या ठिकाणीं आमच्या चळवळीची एक जुनी गोष्ट आठवते. सत्यशोधकांनीं आपल्या लग्नांतून भटजीस कां रजा दिली? दक्षिणेचे चार आणे वांचावे म्हणून नव्हे. मंत्र कोणाचे, अर्थ काय, हें यजमानास ठाऊक नसतांना त्यानें "सांगतों तेथें पाणी सोड" म्हणतांच पाणी सोडायचें, हें माणुसकीस शोभत नाहीं, म्हणून. आज आमचा खासदार दिल्लींत तेंच करतो आहे. पक्षाचा व्हिप निघतो: अमक्या दिवशीं हजर राहा, अमकें मत द्या. १९८५ च्या घटनादुरुस्तीप्रमाणें व्हिप मोडला तर जागा जाते. पक्ष बदलणाऱ्या बाजारबुणग्यांस आळा बसावा म्हणून तो कायदा केला. बाजारबुणगे तर टोळीनें फिरतच राहिले, आणि जागेवर बसलेल्या सरळ माणसाच्या तोंडास मात्र मुसकें बसलें. विधेयक वाचलें कीं नाहीं, त्यानें कोणाचें पोट फुगेल आणि कोणाचें भाजेल, कांहीं पाहणें नको. सांगितलें तेथें पाणी सोड! जुनी भिक्षुकशाही एका जातीची होती. ही नवी भिक्षुकशाही सर्व जातींची आहे, कुणबी, मराठे, तेली, माळी सारे तींत आहेत, आणि सर्व पक्षांत आहे. म्हणून ती आपल्याला परकी वाटत नाहीं, आणि म्हणूनच ती अधिक अवघड आहे.

विधेयक नीट वाचण्याची जागा म्हणजे समित्या. १९९३ पासून खात्याखात्याच्या समित्या आहेत. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सभासद मिळून विधेयक कलमवार पाहतात, अधिकाऱ्यांस बोलावतात, शेतकऱ्यांसही बोलावूं शकतात. तेथें कॅमेरा नसतो, म्हणून आरडाओरडही कमी. १५ व्या लोकसभेंत दहा विधेयकांपैकीं सात समितीकडे गेलीं; १७ व्या लोकसभेंत सहांतून एक. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसत असे. १७ वी पांच वर्षांत मिळून २७४ दिवस. आमची शाळा वर्षाला दोनशें दिवसांच्या वर भरते, आणि तरी लोक म्हणतात, मास्तरांना सुट्ट्या फार! घटनेचें ९३ वें कलम म्हणतें, लोकसभेनें एक अध्यक्ष आणि एक उपाध्यक्ष निवडावा. १७ व्या लोकसभेनें पांच वर्षांत उपाध्यक्ष निवडलाच नाहीं. रिकामी जागा एकट्या चंद्रपूरचीच नव्हती तर.

१९१९ च्या कायद्यानें मुंबई कौन्सिलांत मराठा व तत्सम जातींस सात जागा राखून मिळाल्या. त्या सात जागांसाठीं आमच्या वडीलधाऱ्यांनीं किती सभा भरविल्या, किती अर्ज लिहिले! तेव्हां मत देण्याचा हक्क पैशावर होता. मजूर, भूमिहीन, बहुतेक बाया त्यांत नव्हत्या. आपल्याच वऱ्हाडांतल्या पापळच्या कुणब्याचा मुलगा पंजाबराव देशमुख विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला आणि १९५२ पासून दहा वर्षें दिल्लीच्या सरकारांत शेतकी मंत्री होता. १९५४ सालीं खुद्द बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले. हरले, पण पोटनिवडणूक झाली. देश तेव्हां गरीब होता, रस्ते नव्हते, पेट्या बैलगाडींतून जात. तरी कोणी यंत्रणा गुंतली आहे म्हटलें नाहीं. आणि आम्ही, ज्यांच्या घरीं म्हातारीलाही मत आहे, त्या आम्हीं एका वर्षाची जागा फुकट घालविली आणि आपल्याला कांहीं गेलें असें वाटलेंही नाहीं.

२०२४ सालीं धानोरकरांच्या पत्नी प्रतिभा धानोरकर अडीच लाखांहून अधिक मताधिक्यानें निवडून आल्या. जागा भरली. आतां त्यांच्याकडे नाली मागावयाची कीं प्रश्न, हें आपल्या हातीं आहे. कोणास मत द्या हें सांगणें आमच्या नोकरीच्या नियमांत बसत नाहीं आणि आम्हांस तें सांगावयाचेंही नाहीं. पण प्रश्न कोणते, तें सांगतों. १९५७ च्या कोळसा-क्षेत्र कायद्याखालीं वणी तालुक्यांत आजवर किती जमीन घेतली, किती जणांस नोकरी मिळाली, किती जणांचा मोबदला बाकी आहे? परदेशी कापसावरील अकरा टक्के जकात एप्रिल २०२२ मध्यें उठविली, ऑगस्ट २०२५ मध्यें पुन्हा डिसेंबरअखेरपर्यंत उठविली. हें लोकसभेंत चर्चा होऊन झालें कीं नुसता कागद टेबलावर ठेवून, आणि ती उठविण्यापूर्वीं आमच्या कापसाचा भाव काय राहील ह्याचा हिशेब कोणीं मांडला होता काय? कोळशाच्या गाड्या रात्रंदिवस जातात, मग आमच्या बायाबापड्यांस बसण्याची गाडी किती? आणि शेवटचा: पुढें एखादी जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांचा नियम पाळला जाईल, कीं पुन्हा दाखला काढला जाईल?

हे प्रश्न खासदारांस लेखी द्यावयाचे आहेत, तोंडीं नव्हे. उत्तर आलें कीं तें लोकसभेच्या संकेतस्थळावर कोणासही वाचतां येतें. पोराच्या मोबाइलवर उघडतें. त्याशिवाय सभासदाच्या सहीनें सभागृहाकडे सरळ अर्जही करतां येतो. ज्यांची जमीन गेली आहे त्यांनीं सातबारा व मोबदल्याची नोटीस घेऊन शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावें. रविवारीं दुपारींही आम्ही शाळेंतच असतों. मसुदा आम्ही लिहून देऊं; सही मात्र ज्याची त्यानें करावी, आणि सही येत नसेल तर त्याच बैठकींत शिकून घ्यावी.